‘फारेस्ट’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, जिवतीकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आमचं वावर फारेस्टमध्ये आहे.’ जाऊन बघावं तर समोर कापूस, तूर. झाड बांधावर एखादं. मग फारेस्ट कुठंय? आज आपण हा एकच शब्द उलगडून पाहू.

‘फॉरेस्ट’चं मूळ बहुतेक अभ्यासक लॅटिन ‘फोरिस’मध्ये शोधतात. फोरिस म्हणजे बाहेर. सगळ्यांच्या वापरातून बाहेर काढून राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, तो फॉरेस्ट. म्हणजे या शब्दात मुळात झाडच नाही, आहे ती हद्द! नॉर्मन राजांनी तो इंग्लंडात नेला, तेव्हा त्या हद्दीत गावं आणि शेतंही आली. पुढे 1217 च्या सनदेनं राजांनी वाढवलेल्या हद्दी मागे घ्यायचं ठरलं. झाड न तोडता जमीन फॉरेस्टमधून ‘बाहेर’ येऊ शकते, ती अशी.

आपले शब्द वेगळे आहेत. ‘रान’ आलं अरण्यावरून, पण मराठवाड्यातला शेतकरी पेरलेल्या शेतालाही रानच म्हणतो. ‘जंगल’ची गंमत तर आणखी. आयुर्वेदातला जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. तोच शब्द इंग्रजांनी अठराव्या शतकात उचलला आणि त्यांच्याकडे तो घनदाट झाला.

आता कायदा. 1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘वन’ या शब्दाची व्याख्याच नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शब्दकोशातल्या अर्थानं जे वन ते वन. आणि सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीनही 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली येते, मालक कुणीही असो. म्हणजे दोन्ही अर्थ एकदम लागू! डोळ्यांना दिसतं तेही आणि कागदावर लिहिलंय तेही.

जिवतीचं दुखणं या दुसऱ्या अर्थात आहे. इथं गोंड, कोलाम आहेत, तशी मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबंही आहेत. पट्टा नसला की पीककर्ज अडतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं वाट काढली, पण आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दुष्काळात घर सोडून निघालेल्या माणसानं 1930 चा कागद आणायचा कुठून?