कायले हसता बे? आधी रेफरन्स सांगा!

ग्रुपवर रील पडते. पाच जण हसून लोळतात आणि सहावा विचारतो, ‘कायले हसता बे?’ बिचाऱ्याची विनोदबुद्धी कमी नसते. त्याला फक्त रेफरन्स माहीत नसतो.

ब्रिटिश टीव्हीवरच्या स्केच कॉमेडीत तर सगळा खेळच रेफरन्सचा. 1998 मध्ये बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ सुरू झालं. कलाकार भारतीय वंशाचे, त्यातली नीना वाडिया तर जन्मानं मुंबईची. त्यातलं ‘गोइंग फॉर ॲन इंग्लिश’ हे स्केच बघाच. शुक्रवारी रात्री पबमधून निघायचं, इंडियन रेस्टॉरंट गाठायचं, सगळ्यात तिखट करी मागवून मर्दुमकी दाखवायची आणि वेटरच्या नावाची वाट लावायची, ही गोऱ्यांची जुनी सवय. स्केचमध्ये ती उलटी केलीय. प्यायलेली देशी टोळी मुंबईत ‘इंग्लिश खायला’ जाते, सगळ्यात फिकं काय आहे ते विचारते आणि जेम्स नावाच्या वेटरला हैराण करते. मूळ सवय ठाऊक नसेल, तर हा नुसता हॉटेलातला गोंधळ वाटतो.

‘मॉन्टी पायथन’चं 1970 मधलं ‘स्पॅनिश इन्क्विझिशन’ त्याहून भारी. लाल झग्यातले धर्माधिकारी दार ढकलून आत येतात आणि छळ कशानं करतात? मऊ उशीनं आणि आरामखुर्चीनं! जग हसलं. पण इन्क्विझिशन आपल्या शेजारीही होतं. गोव्यात पोर्तुगीजांनी ते 1560 मध्ये आणलं आणि 1812 मध्ये ते कायमचं बंद झालं. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर 1961 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ते माहीत असलं की हसू येतं, पण जरा अडखळत येतं. मला वाटतं, चांगल्या स्केचनं एवढं तरी करावंच.

आपल्याकडे हे नवीन नाही. तमाशाच्या गौळणीत पेंद्या आणि मावशी मथुरेच्या बाजाराला निघतात, पण बोलतात गावच्या राजकारणावर. ‘गाढवाचं लग्न’मध्ये गाढव म्हणजे शापित गंधर्व. पुराण प्रेक्षकाला पाठ होतं, म्हणून सोंगाड्याला समजावत बसावं लागत नसे.

आता ते पाठांतर टीव्हीकडे गेलंय. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या गौरव मोरेमुळे पवई न पाहिलेल्या हिवरा आश्रमच्या पोरांनाही ‘फिल्टरपाडा’ माहीत आहे. हे झकासच आहे. पण उलट दिशेनं काय जातं? विवेकानंद जयंतीला इथं ट्रॅक्टरनं पुरी-भाजीचा महाप्रसाद वाढतात, लाखो माणसं पंगतीत बसतात. यावर स्केच लिहिलं तर मेहकरात टाळ्या पडतील आणि मुंबईत पहिली दोन मिनिटं समजावण्यात जातील.

आपली बोली मात्र पोहोचली. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली, त्याचा अभिमान आहेच. खटकतं ते वेगळं. त्यानंतर आलेल्या नकलांत वऱ्हाडी बोलणारा बहुतेक वेळा सरपंच, बेवडा नाहीतर अडाणी पाहुणा. डॉक्टर किंवा वकील वऱ्हाडीत बोलताना क्वचितच दिसतो. मग इंटरव्ह्यूला पुण्यात गेलेली पोरगी ‘मले’चं ‘मला’ करत बसते. समोरचा आधीच हसण्याच्या तयारीत असेल, तर तिनं दुसरं काय करावं? आणि खरं सांगायचं तर गॅदरिंगच्या स्किटमध्ये हे आपणही करतो. मुख्य पात्र प्रमाण मराठीत, गडी वऱ्हाडीत.

यंदा दुसरं काही लिहायचं असेल तर विषय शेजारच्याच तालुक्यात पडलाय. लोणार सरोवराच्या ‘शोधा’चं श्रेय पुस्तकात सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याला मिळतं, साल 1823. तेव्हा सरोवराच्या काठावर शेकडो वर्षं जुनी देवळं उभी होती, गावात दैत्यसूदनाचं मंदिर होतं, लवणासुराची गोष्ट पोराटोरांना ठाऊक होती. पायथनवाल्यांनी हे सोडलं असतं का?

पडदा उघडतो. टोपी सावरत साहेब झुडपातून बाहेर येतो, दुर्बीण डोळ्याला लावतो आणि ओरडतो, ‘सापडलं!’ धारेवर धुणं धूत असलेली आजी मान वर करते.

‘काऊन रे सायेब, काय हरपलं होतं तुयं?’