शेक देण्याआधी

गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला गेलेल्या माणसाला शेक देण्याआधी डोळे मिटायला सांगतात. मग गुडघ्यावर दोन परीक्षानळ्या आलटूनपालटून टेकवतात, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. ‘आता काय लागतंय?’ असं विचारतात. रुग्णाला हा पोरखेळ वाटतो. पण कायदा ज्याला ‘योग्य ती काळजी’ म्हणतो, तिचा मोठा भाग या दोन नळ्यांत असतो.

शेकाचे पॅक सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तापवतात. टॉवेलच्या घड्यांमुळे त्वचेपर्यंत उष्णता सावकाश पोचते. त्वचा ४३-४५ अंशांपर्यंत तापली की आपल्याला चटका बसतो आणि आपण ‘काढा, काढा’ म्हणतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवलं, की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात. पुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होतो. (५१ अंशांना किती वेळ उरतो, हे गणित वर्गात जरूर घालावं. तीन मिनिटंही उरत नाहीत!) जुन्या मधुमेहात पायाचे मज्जातंतू बधिर झालेले असू शकतात. मग चटका कळतच नाही. रुग्ण स्वस्थ पडून राहतो आणि कातडी भाजते.

मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. उपचाराला गुण आला नाही म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं मात्र नव्हे. त्या व्यवसायातल्या साधारण कुशल माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे पाहिलं जातं. नळ्यांची चाचणी केली पण कागदावर लिहिली नाही, तर ती केली होती हे पटवणं कठीण.

संमतीचंही तसंच. नुसती सही पुरत नाही. उपचार कोणता, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे रुग्णाला सांगितलेलं हवं, असं याच न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. खटला शस्त्रक्रियेचा होता, पण आम्हाला वाटतं, शेकालाही हे तत्त्व लागू पडावं.

खरी अडचण चाचणीनंतर येते. बधिरपणा आढळला, पण रुग्णाने दहा बैठकांचे पैसे आधीच भरलेत. ‘शेक नाही, मग उपचार कसला?’ असं तो विचारतो. बाहेर रांग आहे. अशा वेळी पॅक बाजूला ठेवून कारण समजावायचं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायचे आणि उरलेल्या बैठकांचे पैसे परत करायचे.