नसबंदीनंतरचा ससा: काय जातं, काय राहतं

घरात ससा पाळणाऱ्याला नसबंदीचा सल्ला मिळतो, तेव्हा सोबत एक आश्वासनही मिळतं: ऑपरेशन झालं की ससा शांत होतो. त्यावर विसंबून कितीतरी जण पुढे निराश होतात आणि काही जण ससा दुसऱ्याला देऊनही टाकतात. माझ्या मते चूक ऑपरेशनची नसते, अपेक्षेची असते. सशाच्या वागण्याचा एक हिस्सा वृषण आणि अंडाशय यांतून येणाऱ्या हार्मोनांवर चालतो, एक भीतीवर आणि एक सवयीवर. वृषण किंवा अंडाशय काढणारी ही शस्त्रक्रिया फक्त पहिल्या हिश्श्याला हात घालते. कोणतं वागणं कुठून येतं हे ओळखता आलं, तर ऑपरेशनकडून नेमकं काय मागायचं तेही कळतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. पाळीव ससा, मग तो लाल डोळ्यांचा पांढरा असो की लोंबत्या कानांचा, स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळावर दिसतो तो ससा वेगळा. तो बिळं खणत नाही आणि बहुधा एकटा राहतो. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांची वसाहत करतो, त्यात गटागटाने राहतो आणि गटात मानाची उतरंड असते. चार ते सहा महिन्यांत तो वयात येतो. गर्भावस्था ३०-३१ दिवसांची, आणि व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

आता खरा मुद्दा, वासाचा. सशाचं वागणं वास वगळून समजणार नाही. टेबलाचा पाय, चपलेची कड, पुस्तकाचा कोपरा, बसलेल्या माणसाचा गुडघा, जे समोर येईल त्यावर ससा हनुवटी टेकतो आणि पुढे ओढतो. हनुवटीखालच्या ग्रंथींचा स्राव तिथे लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही, दुसऱ्या सशाला मात्र लगेच कळतो. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रोमन मिकितोविच यांनी या ग्रंथींचा पिच्छा पुरवला. त्या देशाला सशांनी शेती खाऊन जेरीस आणलं होतं, त्यामुळे सशाचा समाज समजून घेणं ही तिथे राष्ट्रीय गरज होती. त्यांना आढळलं, की गटातल्या वरचढ नराची हनुवटीची ग्रंथी मोठी असते आणि तो इतरांहून जास्त खुणा करतो. गुदाजवळच्या ग्रंथींचा वास लेंड्यांना लागतो आणि हद्दीवर घातलेले लेंड्यांचे ढीग पाटीचं काम करतात. आपल्या वासाने भरलेल्या जागेत ससा झुंज जिंकण्याची शक्यता वाढते, हेही याच संशोधनातून पुढे आलं. घरात नर भिंतीवर लघवीची चिळकांडी उडवतो, कोपऱ्याकोपऱ्यात लेंड्या टाकतो, पायांभोवती घुर्र घुर्र करत गोल फिरतो, तेव्हा तो घाण करत नसतो. त्याच्या लेखी तो सातबारा लिहीत असतो.

हे वागणं हार्मोनांवर उभं आहे, याचा पुरावा भक्कम आहे. तो मिळवण्याची रीत जुनीच. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा तुरा खुरटला आणि आरवणं-झुंजणं थांबलं. काहींच्या पोटात वृषण परत बसवले, तेव्हा सगळं परत आलं. काढून पाहायचं आणि परत देऊन पाहायचं, ही ती कसोटी. मेक्सिकोत गाब्रिएला गोन्सालेस-मारिस्काल यांनी ती सशांना लावली. वृषण काढल्यावर नराचं हनुवटी घासणं घटलं, टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पुन्हा वाढलं. मादीत अंडाशय काढल्यावर तसंच घडलं आणि एस्ट्रोजेन दिल्यावर खुणा परतल्या. म्हणजे चिळकांड्या, पायाभोवतीच्या फेऱ्या, उशीवर किंवा हातावर चढणं, दुसऱ्या नराला पाहून तुटून पडणं, या तक्रारींसाठी ऑपरेशनवर भरवसा ठेवायला आधार आहे.

मादीची गोष्ट याहून अद्भुत आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं. सशाच्या मादीत बीज ठरल्या तारखेला सुटत नाही, समागमानंतर दहा-बारा तासांनी सुटतं. कधी वांझ नराचा समागम किंवा दुसऱ्या मादीचं अंगावर चढणंही त्याला पुरतं. मग गर्भ नसतानाही शरीर सोळा-अठरा दिवस गाभण असल्यासारखं चालतं. ती सोफ्याच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी सपासप उकरत राहते. नंतर गवताच्या काड्या आणि कागदाचे कपटे आडवे तोंडात धरून एका जागी नेते. शेवटी मान वळवून छातीवरचे, गळ्याखालच्या झोळीवरचे केस पुंजक्यांनी उपटते आणि घरट्यात अंथरते. त्या काळात कुणी पिंजऱ्यात हात घातला की ती धावून जाते. घरच्यांना वाटतं, हिला काहीतरी झालं. प्रत्यक्षात उकरणं, काड्या नेणं आणि केस उपटणं या तीन पायऱ्या हार्मोनांच्या चढउतारानुसार क्रमाने येतात. अंडाशय काढल्यावर हा फेरा कायमचा बंद होतो. हवेसारखा बदलणारा तिचा तापटपणा त्यामुळे निवळलेला दिसतो.

मग चावणं का थांबत नाही, हा पहिला आक्षेप. कारण ते चावणं बहुतेकदा भीतीचं असतं. ससा हा भक्ष्य प्राणी आहे. वरून आलेला हात त्याच्या दृष्टीने झडप असते, आणि नाकासमोरची अगदी जवळची वस्तू त्याला दिसत नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरणं, दिवसभर अरुंद पिंजरा, दुखरी दाढ, या कशालाही नसबंदी स्पर्श करत नाही. वर्षानुवर्षं भिनलेली सवयही हार्मोन गेल्यावर काही प्रमाणात मागे उरते, म्हणून उशिरा केलेल्या ऑपरेशनचा परिणाम अर्धवट वाटतो. शिवाय घाई नडते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन लवकर उतरलं तरी वागणं काही आठवड्यांनी उतरतं, आणि शरीरात उरलेल्या शुक्राणूंमुळे नर चार ते सहा आठवडे पिलं देऊ शकतो. तोवर त्याला मादीपासून वेगळंच ठेवायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नैसर्गिक प्रेरणा कापून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उत्तर मला घराच्या आकारात दिसतं. रानात त्या प्रेरणेला हद्द असते, बीळ असतं, हरलेल्याला पळायला माळ असतो. दोन खोल्यांच्या घरात प्रेरणा तशीच राहते आणि वाटा मात्र बंद होतात. नसबंदी न झालेले दोन नर एकमेकांना भयंकर जखमी करतात. सोबतीशिवाय एकटा ठेवलेला, नसबंदी न झालेला ससा निसर्गाच्या जवळ असतो, असं मला वाटत नाही. नसबंदी झालेल्या नर-मादीची जोडी एकमेकांची मान चाटत, अंगाला अंग लावून पडलेली असते, ती त्यापेक्षा कितीतरी जवळ असते.

तिसरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा, आणि तो टाळू नये. ब्रिटनमधल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भूल आणि गुंगी दिल्यानंतरच्या मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के होतं. निरोगी सशांपुरतं पाहिलं तरी ०.७३ टक्के. मादीच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात गर्भाशयाचा कर्करोग आहे. काही पाहण्यांत चार वर्षांवरच्या माद्यांत त्याचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं होतं, जातीनुसार ते बदलतं. म्हणून मादीसाठी माझा कौल ऑपरेशनच्या बाजूने ठाम आहे. एकट्या, चिळकांड्या न उडवणाऱ्या, स्वस्थ नरासाठी तो तेवढा ठाम नाही. तिथे सोबती आणायचा आहे का, यावर निर्णय घ्यावा.

पशुवैद्य निवडताना त्यांनी सशांची ऑपरेशनं नियमित केली आहेत का, हे आधी विचारा. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. तसं सांगितलं गेलं तर दुसरा दवाखाना शोधा. वेदनाशामक औषध मागून घ्या. घरी आणल्यावर तो त्याच दिवशी गवत खातो का आणि लेंड्या टाकतो का, ते पाहा. बारा तास दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट न पाहता फोन करा. आणि वागण्याचा निकाल लावायला किमान दोन महिने जाऊ द्या.