पावसात रुसलेली जुनी गाडी

मंडणगडच्या पावसाळ्यात जुन्या पेट्रोल गाड्यांचा नेहमीचा शत्रू म्हणजे दमट हवा. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा दोष क्रमाने शोधावा.

स्टार्टर फिरतच नसेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासा. स्टार्टर जोमाने फिरतो, पेट्रोलही येते, पण इंजिन पेट घेत नसेल, तर ठिणगी पाहा. एक प्लग काढून त्याच्याच वायरला जोडा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. वायर हाताने धरू नका. इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. जवळपास पेट्रोल सांडलेले नको.

निळसर, जोरदार ठिणगी पडली, तर इग्निशन बहुधा ठीक आहे. ठिणगी नसेल, तर कॉइलची मधली वायर तशीच तपासा. तिथे ठिणगी असेल, तर दोष डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये, रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरींत. कॅप आतून कोरडी पुसा. बारीक काळी रेघ दिसली, तर वीज तिथून निसटते, कॅप बदला.

कॉइलकडेही ठिणगी नसेल, तर चावी फिरवून टेस्ट लॅम्पने कॉइलला वीज येते का पाहा. येत असेल, तर पद्मिनीसारख्या गाडीत जळके पॉइंट किंवा कंडेन्सर संशयित.

अंदाजाने सुटे भाग बदलू नका. मे महिन्यातच कॅप आणि वायरी तपासून घ्या.