पैठणीखाली काय घालायचं, हातात काय धरायचं?

‘होम मिनिस्टर’ या टीव्ही कार्यक्रमाने 2004 पासून घराघरात पैठणी नेली. पण पैठणीबरोबर पायात काय, हे कुणी सांगतच नाही. पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या सोसायट्यांच्या कार्यक्रमांत पैठणीखाली चमचमत्या टाचांच्या सँडल दिसतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. पदरावर जरीचे मोर असताना पायाने शांत राहावं!

माझं ठाम मत: साधी, तपकिरी कोल्हापुरी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीची शिवण, खिळा नाही. कापशी प्रकारच्या कोल्हापुरीचा पट्टा रुंद असेल तर काठाशी छान तोल साधतो. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये प्राडाने तशाच चपला मिलानच्या रॅम्पवर उतरवल्या आणि मग मूळ कारागिरांच्या श्रेयावरून वाद पेटला. एक नक्की करा, चपला घालूनच निऱ्या खोचा. टाच सपाट असली तरी नंतर घातल्या तर काठ थोडा वर उचलला जातो. पावसाळ्यात पुनावळ्याच्या चिखलात मात्र त्या नेऊ नका. भिजल्याच तर सावलीत वाळवा.

आता पेय. जांभळ्या पैठणीला कोकमाचा लाल रंग शोभतो. कोकमाचं आगळ, थंड सोडा, ठेचलेली हिरवी मिरची. पिणाऱ्यांसाठी त्यात गोव्याचा उराक, जो साधारण मार्च ते मे एवढाच मिळतो. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. हिरव्या पैठणीला कैरीचं पन्हं.

आगळाचा डाग रेशमावरून सहज जात नाही, म्हणून पेला पदराच्या विरुद्ध हातात धरा. तुमच्या पैठणीचा रंग सांगा, जोडी सुचवते.