दोशी घराण्याची आणि सोलापूरची ग्रंथमाला

वालचंदनगर म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो, मग यंत्रांचा कारखाना आणि अलीकडे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग. पण हे गाव वसवणाऱ्या वालचंद हिराचंद दोशींच्या घराण्याची नावं आणखी एका ठिकाणी भेटतात : सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतल्या आभाराच्या ओळींमध्ये. वालचंदांचे धाकटे बंधू गुलाबचंद आणि लालचंद यांनी या ग्रंथमालेच्या पाठीशी उभं राहून तिचं काम चालू ठेवलं.

ती सुरू केली ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी. १९४१च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्रावर विद्वानांना बोलावलं आणि ही ग्रंथमाला काढणाऱ्या जैन संस्कृती संरक्षक संघासाठी ३० हजार रुपये जाहीर केले. १९४४मध्ये उरलीसुरली सगळी मालमत्ताही, सुमारे दोन लाखांची, त्यांनी संघाला देऊन टाकली.

संपादक मिळाले तेही तोलामोलाचे. सदलग्याचे आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत, तर हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात होते. पहिला ग्रंथ निघाला यतिवृषभांचा ‘तिलोयपण्णत्ती’, पहिला भाग १९४३, दुसरा १९५१. त्याचं कुठलंही पान उघडावं : वर प्राकृत गाथा, खाली हिंदी अनुवाद आणि तळाशी बारीक टाइपात पाठभेद, कुठल्या हस्तलिखितात काय आहे ते ‘द’, ‘ब’ अशा खुणांनी. या तळटिपांमध्येच महिनोन्‌महिने गेलेले असतात. बाजारभावात त्यांची किंमत कधीच निघत नाही, पण पुढचा अभ्यासक त्यांच्यावरच विसंबून राहतो.

१९४९मध्ये आसामचे कृष्णकांत हंडिकी यांचा सोमदेवाच्या ‘यशस्तिलका’वरचा इंग्रजी ग्रंथ सोलापुरातून निघाला. जोरहाटच्या विद्वानाला प्रकाशक मिळाला तो भीमाकाठच्या या कापडगिरण्यांच्या जिल्ह्यात! १९६३चा ‘गणितसारसंग्रह’ तर वालचंदनगरच्या इंजिनिअरांनीही आवर्जून पाहावा असा. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात तो लिहिला. काही वस्तूंतून निवड किती प्रकारे करता येते याचं सर्वसाधारण सूत्र त्यात आहे, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मद्रासला १९१२मध्ये रंगाचार्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद छापला होता. सोलापूरने लक्ष्मीचंद्र जैन यांच्याकडून तो हिंदीत आणला.

अशा ग्रंथांच्या प्रती मोजक्याच खपतात. म्हणून खपाच्या आकड्यावर त्यांचं मोल ठरवणं चूकच आहे. त्यांचा वाचक तीस वर्षांनी, परक्या देशातही उगवतो. आता जुने खंड स्कॅन होऊन फोनवर वाचता येतात, आणि त्यामुळे एखाद्या खेड्यातल्या विद्यार्थ्याचीही मोठी सोय झाली आहे. छपाईचा खर्चही पूर्वीइतका अडसर राहिलेला नाही. खरी अडचण माणसांची आहे. ताडपत्रावरची जुनी कन्नड लिपी वाचणारा, प्राकृत जाणणारा आणि चार-पाच वर्षं एकाच ग्रंथावर बसणारा संपादक हवा, आणि तोवर त्याचं घर चालवणारी संस्था हवी. विद्यापीठांनी शोधनिबंधांच्या संख्येला गुण देताना अशा संपादनालाही भरघोस वजन द्यायला हवं.

अशा संपादनाचं एक उदाहरण म्हणजे ‘षट्खंडागम’ हा प्राचीन जैन ग्रंथ. त्याचे धवला टीकेसह १६ खंड अमरावतीहून १९३९पासून निघू लागले. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी ताडून पाहिलेली त्यांची सुधारित आवृत्ती १९७३पासून सोलापूरच्या याच संघाने हाती घेतली.