सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून



खत, पाणी, बेणे आणि भाव यांविषयी आपण या पानांवर नेहमीच बोलतो. आज जरा निराळा विषय घेतला आहे. दारूने एकही संसार मोडला नाही असे गाव आपल्या पाथर्डी तालुक्यात शोधूनच काढावे लागेल. काहीजण हिंमत करून दारू सोडतातही. कुणी माळ घालतो, कुणी दवाखान्यात राहून येतो. चार-सहा महिने बरे जातात. मग उसाचे बिल जमा होते, सोयऱ्याकडे लग्न निघते, आणि "आज एकच" म्हणून घेतलेला पेला माणसाला होता तिथे नेऊन टाकतो. गाव म्हणते, "कुत्र्याचं शेपूट, वाकडं ते वाकडंच!"

हे म्हणणे बरोबर नाही. लागण करणे निराळे आणि तोडणी येईपर्यंत ऊस सांभाळणे निराळे, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? दारूचेही तसेच आहे. व्यसन हा आजार आहे आणि तो उलटू शकतो. तो उलटू नये म्हणून औषध, समुपदेशन व घरच्यांची साथ यांच्या जोडीला व्यायामाचा चांगला उपयोग होतो.

तो कसा? रोजच्या दारूने मेंदूला उसन्या सुखाची सवय लागते. ती बंद झाली की झोप लागत नाही, मन उदास राहते, चिडचिड होते. शिवाय अधूनमधून पिण्याची ओढ येते. ही ओढ पाण्याच्या लोंढ्यासारखी असते. चढते, तशी ओसरतेही, बहुधा अर्ध्या तासात. तेवढा वेळ निभावला की जिंकलो. त्या वेळी उठून झपाझप चालायला लागले, तर ओढ सौम्य होते असा पुष्कळांचा अनुभव आहे. नियमित व्यायामाने झोप सुधारते, मन हलके होते.

पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथल्या दिनक्रमात व्यायाम आणि योगासनांना जागा आहे. मुंबईच्या गुन्हेगारी जगात व नशेत बुडालेले राहुल जाधव इथेच उपचार घेऊन सावरले आणि पुढे धावू लागले. २०१९ साली तर ते व्यसनमुक्तीचा संदेश घेऊन मुंबईहून थेट दिल्लीपर्यंत धावत गेले! त्यांच्या आयुष्यावर पुढे पुस्तकही निघाले.

आता कुणी म्हणेल, "अवो, आम्ही दिवसभर उसात राबतो, अजून कसला व्यायाम?" शंका रास्त आहे. पण कष्टाने अंग मोडून येते, आणि "अंग लई दुखतंय" हेच पिण्याचे पहिले निमित्त होते. शिवाय दारे धरताना माणूस एकटा असतो, डोक्यात विचारांचे चऱ्हाट चालूच राहते. व्यायाम आपण आपल्यासाठी ठरवून, चार सोबत्यांत करतो. खरी मेख वेळेची आहे. दिवस मावळला की पाय आपोआप जुन्या अड्ड्याकडे वळतात. तीच वेळ व्यायामाला द्यावी. अड्ड्यावरचे सोबती सुटले, तर त्यांच्या जागी दुसरे सोबती हवेत. ते तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, व्हॉलीबॉलच्या जाळीपाशी भेटतात.

सुरुवात थोडक्यात करावी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालणे, मग वाढवत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. नवरात्रात मोहटादेवीला पायी जाणाऱ्यांना चालणे काय शिकवायचे? जमेल तसे सूर्यनमस्कार व जोर-बैठका घालाव्यात. एखादा दिवस चुकला तर सगळे सोडू नये. बिल जमा होईल त्या दिवशी मात्र चुकवू नये, आणि पैसे कारभारणीच्या देखत मोजावेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून सोडताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. रक्तदाब, हृदय किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी व्यायामाआधीही विचारून घ्यावे. दुसरे असे, की नुसत्या व्यायामाने व्यसन जात नाही; तो उपचाराचा जोडीदार आहे, बदली नव्हे. सल्ल्यासाठी सरकारचा १४४४६ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि पुन्हा घसरलाच कुणी, तर त्याला टोमणे मारू नका. आपण नांग्या भरतो, सगळा ऊस मोडून टाकत नाही. संध्याकाळी त्याच्या दारात जा आणि एवढेच म्हणा, "चल गड्या, पाटापर्यंत चालून येऊ." कुणी सांगावे, त्या दिवशीचा तेवढा अर्धा तासच त्याचा संसार वाचवून जाईल.